सुरीखालची ऊब

मांस चावलं नाही. हात टेकवण्याआधीच तिनं दात आवळून घेतले होते, खांदे कानांपर्यंत वर ओढले होते आणि नजर समोरच्या भिंतीवरच्या पालीवर खिळवली होती, म्हणजे जे काय व्हायचं ते त्या पालीच्या साक्षीनं होऊन जाऊ दे. आणि मग उजवा हात ओंडक्यावरच्या मेंढ्याच्या पाठीवर ठेवला. काही झालं नाही. तळव्यात काचा घुसल्या नाहीत, वीज दंडापर्यंत चढली नाही, बोटं कोंबडीच्या पायासारखी आखडली नाहीत. तिनं हात उचलला, पुन्हा ठेवला. मग दुसराही ठेवला. दवाखान्यात औषधाची बाटली चढवून आज तिसरा दिवस, म्हणजे सगळ्यात वाईट दिवस. काल याच ओंडक्यापाशी गार धडाला बोट लागलं होतं आणि ती अशी किंचाळली होती की समोरचा चपलांचा दुकानदार एका पायात नवा बूट घालून धावत आला होता. आणि आज हे. देवा, ती मनात म्हणाली, आलास का रे शेवटी. किती हाका मारायला लावतोस. आणि आलास तो नेमका खाटकाच्या दुकानात, पहाटे, चपला न काढता. तिला हसू आलं. कित्येक दिवसांत आलं नव्हतं. तिनं सुरी उचलली.

त्या औषधाची खोड पहिल्यांदा सिस्टरनं सांगितली होती. बाटली टांगता टांगता ती म्हणाली होती, "आठवडाभर गारला हात लावायचा नाही हं. नळाचं पाणी नको, फ्रीजचं दार नको, पंख्याखाली बसायचं नाही. गार लागलं की सुया टोचल्यासारखं होतं. काम काय करता तुम्ही?" "खाटीक आहे." सिस्टर सुई हातात धरून थांबली होती. "मग रजा घ्या." "कुणाकडून घेऊ? मेंढ्यांकडून?" शेजारच्या खुर्चीतला म्हातारा हसता हसता खोकायला लागला आणि त्याचीच नळी निखळली. ते हसण्यापुरतं ठीक होतं. घरी आल्यावर तिनं दाराची कडी धरली आणि कडीनं तिचा हात खाल्ला. चमचा चावला, किल्ली चावली, पहाटेची हवा घशात सुरीसारखी आडवी शिरली आणि श्वास कुठे गेला तेच कळेना. तिनं लोकरीचे हातमोजे घालून पाहिले, त्यावर रबराचे. पण मोज्यातल्या हाताला हाड सापडत नाही. सुरी आंधळी होते. सांध्याऐवजी हाडावर आपटते, मांसाला चिरा पडतात, आणि चिरा पडलेलं मांस हॉटेलवाल्याला चालत नाही. म्हणून ती उघड्या हातांनी कापायची, तोंडात फडक्याचा बोळा घालून, दर दोन कापांमागे हात गरम पाण्याच्या बादलीत बुडवत. लोण्या, तिचा धाकटा भाऊ, गल्ल्यावर बसून हे पाहायचा आणि गिऱ्हाईकाला सुटे पैसे चुकीचे द्यायचा.

आज बादलीची गरज नव्हती. सुरी पाठीच्या कण्याशी शिरली, खाली उतरली, आणि तिला वाटलं आपण गाऊ शकू. आबा गायचे. आबा म्हणजे तिचे वडील. हे दुकान त्यांचं, हा ओंडका त्यांचा, सुरी धरायची ही तिरकी पद्धतही त्यांची. आठवड्यातून एका संध्याकाळी ते नखं घासघासून लाल करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि देवाच्या गोष्टी गाऊन सांगणाऱ्या बुवांपुढे जाऊन बसायचे. बसायचे शेवटच्या रांगेत, अंगाला वास येतो म्हणून. घरी येऊन पुढचे सहा दिवस ते सगळं मेंढ्यांना गाऊन ऐकवायचे. बुवांनी सांगितलेल्या कथेत राजा असला की त्याचा आवाज भसाडा, देव असला की पातळ, आणि पापी माणूस असला की आबांचा स्वतःचा. "ऐका रे," ते आकड्यावरच्या धडांना म्हणायचे, "तुमच्यासारखं ऐकणारं गणगोत मला दुसरं नाही." लहानपणी तिला खरंच वाटायचं की मेंढ्या ऐकतात. देव ऐकतो की नाही याचा मात्र तिला तेव्हाही अंदाज नव्हता, पण तो आहे, शेवटच्या रांगेत, आबांच्या शेजारी, त्यालाही अंगाच्या वासामुळे कुणी पुढे बसू देत नाही, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ते चित्र अजून गेलेलं नाही. दवाखान्याच्या खुर्चीतही ती शेजारची जागा थोडी सोडूनच बसते.

एक रान, म्हणजे मागची अख्खी मांडी, सुटली. तिनं ती बाजूला ठेवली, दुसरी धरली. तिच्या आत मात्र कुणीतरी सत्तूर घेऊन फिरत होतं. ते आजही थांबलेलं नव्हतं. पोटातल्या गाठीसाठी सोडलेलं औषध पोटात थांबत नाही. डॉक्टर म्हणाले होते, वाईट पेशी मारायच्या तर थोड्या चांगल्याही मरतात. ती काही बोलली नव्हती, पण तिच्या मनात आलं होतं की असला माणूस आबांनी दुकानाच्या पायरीवरही उभा केला नसता. हाड कुठलं, मांस कुठलं ते न पाहता जो दणादणा घाव घालतो, तो खाटीक नव्हे, तो दंगेखोर. त्या दंगेखोराला रोजगार द्यायला तिनं आणि लोण्यानं आधी तिच्या बांगड्या विकल्या, मग मोठा फ्रीजर, मग माल पोचवायची गाडी. दंगेखोरानं तिचे केस नेले, जिभेवर खिळ्यांचा डबा ओतला, आणि नाक तर असं बंद पाडलं की परवा दूध करपून घरभर धूर झाला तेव्हा तिला तो दिसल्यावर कळला. आणि उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या त्या पांढऱ्या गोळ्या. "थोडी चिडचिड होईल," डॉक्टर म्हणाले होते. थोडी! गोळी घेतली की तिला रक्त कानात ऐकू यायचं. रस्त्यात कुणी संथ चालत असेल तर त्याच्या पाठीत सुरी कुठून घातली तर कुठून निघेल ते डोळ्यांपुढे उभं राहायचं, अगदी नीट, सांध्यासकट. जिनं जन्मात मांजरावर पाय आपटला नव्हता, ती परवा आरशातल्या टकल्या बाईवर थुंकली होती.

सुरी अडखळली. तिनं पातं फडक्याला पुसलं आणि पुन्हा घातलं. पुन्हा अडखळली. पात्यावर चरबीचा पिवळट चिकट थर आला होता, साबणासारखा. तिनं तो पुसला, पोलादी कांडीवर पातं घासलं, कापलं; मांस कापलं जात नव्हतं, ओढलं जात होतं, ओल्या कापडासारखं सुरीमागे येत होतं. आबा म्हणायचे, गार मांस सरळ बोलतं, गरम मांस गोड बोलतं. तिचा हात थांबला. तिनं अंगठा धडाच्या मांडीत दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. तिनं दुसऱ्या धडाला हात लावला, तिसऱ्याला, ओंडक्याशेजारी लाकडी घोडीवर ओळीनं आडवी ठेवलेली ती सगळी, आणि सगळ्यांनी तिच्या हाताला तीच माया दाखवली. ऊब. मेलेल्याला ऊब असते का कधी? देव आला नव्हता. कुणीतरी मांस बाहेर ठेवलं होतं.

लोण्या मागच्या बाजूला फरशी धूत होता. तिनं हाक मारली नाही. ती माल गार ठेवायच्या बांधीव कोल्ड रूमपाशी गेली, खांद्यानं दार ढकललं, आत वाकून पाहिलं. गार हवेनं तिच्या गालफडात मूठ मारली. निम्मे आकडे रिकामे. मागच्या रांगेतली जड धडं, जी एकट्याला मुश्किलीनं उतरतात, तेवढी जागच्या जागी लटकत होती. म्हणजे बाकीची एकट्यानंच उतरवली होती. म्हणजे रात्रीच. आणि रात्र कसली होती तर पंखा बंद केला की उशी भिजावी अशी.

"लोण्या."

"हां, आक्का." तो झाडू टेकवून उभा राहिला. त्याला पाहताक्षणी तिला कळलं, कारण लहानपणी बरणीतला गूळ खाल्ला की तो असाच दोन्ही पाय जवळ घेऊन उभा राहायचा.

"माल बाहेर कधी काढलास?"

"आत्ताच. पहाटे. तुला लवकर लागेल म्हणून."

"कधी?"

"...झोपताना." तो घाईघाईनं बोलायला लागला. "एक रात्र काय होतंय, आक्का. पूर्वी फ्रीज कुठे होते? आबा काय फ्रीजमध्ये ठेवायचे का? काल तू ओरडलीस ना, मी रात्री जेवलोच नाही. म्हटलं थोडं गार कमी झालं तर तुझ्या हाताला... आणि बघ ना, आज तू किती वेळ काम करत होतीस. मी आतून ऐकत होतो. तू गुणगुणत होतीस."

ती गुणगुणत होती. हे तिला माहीत नव्हतं. हे कळल्यावर रागाला जी धार आली ती गोळीची नव्हती, किंवा तीही असेल. आता कुठे गोळी संपते आणि कुठे आपण सुरू होतो ते कोण सोडवणार, तिथे सांधाच उरला नव्हता. तिनं एक तुकडा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "हुंग. माझं नाक गेलंय. तू हुंग."

त्यानं हुंगलं. जेमतेम. "ठीक आहे."

"नीट हुंग."

"ठीक आहे ग. थोडा वास तर मटणाला असतोच. धुऊन घेऊ, मीठ लावू, हॉटेलात मसाल्यात काय कळतंय कुणाला—"

तिच्या हातानं त्याची मान धरली तेव्हा ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी पाहत होती. मान मऊ होती, घामेजली होती. तिसऱ्या मणक्याखाली सुरी आडवी घातली तर डोकं जोर न लावता निघतं हे तिला माहीत होतं. खांद्याचं हाड कुठून सुटं होतं, फासळ्या कुठे पातळ आहेत, या एवढ्या देहाच्या किती वाटे होतील हे सगळं तिला माहीत होतं, आणि ते माहीत असणं इतकं गोड होतं की तिची लाळ सुटली. सगळ्या जिभेवर खिळे असताना लाळ. तिनं त्याचं तोंड घोडीवरच्या मांसात दाबलं. "हुंग! हुंग म्हणते ना! लोकांच्या पोरांना घालणार आहेस हे, हुंग!" तो हातपाय झाडत होता, त्याची बादली उलटली, घोडी हलली. त्यानं आधारासाठी ओंडक्यावर हात टेकला, बोटं पसरून, आणि तिच्या डाव्या हातात सत्तूर होता. तो कधी आला हातात? वर गेला. खाली आला. ओंडक्यात रुतला, त्याच्या करंगळीच्या आणि अनामिकेच्या मध्ये, पात्याची गार बाजू त्याच्या कातडीला चाटून.

उलटलेल्या बादलीतलं पाणी गटाराकडे वाहत होतं. लोण्यानं हात ओढून घेतला नाही. तो त्या हाताकडे पाहत राहिला, जसा दुसऱ्याचा हात पाहावा. त्याच्या नाकातून रक्त येत होतं, मिशीवर, हनुवटीवर.

"मार की," तो म्हणाला. "अर्धवट कशाला? मार. पण आधी हे ऐक. आजचा माल गेला नाही तर पुढची बाटली नाही. विकायला आता काय राहिलंय? हा ओंडका? कोण घेतंय? मग तू मरशील, आक्का. आणि मी काय करू? गल्ल्यावर बसू? कुणाच्या? मला कापता येत नाही, मला काही येत नाही. लोकांची पोरं! लोकांची पोरं माझ्या कोण लागतात? तू मरशील."

तिला वाटलं आता आपण रडू. पण राग तसा सोपा नव्हता. तो राग वळला आणि बाईसारखा, भांडी आदळणाऱ्या बाईसारखा, दुकानभर फिरायला लागला. म्हणजे तीच फिरत होती. कारण आता तिला तोही विचार येत होता. वास तर तिला येत नव्हता. शपथेवर सांगता आलं असतं की मला काही कळलं नाही. कोण नाही म्हणणार होतं? टकली बाई, बाटलीवरची बाई. मीठ लावलं, गार केलं, तर पात्याला ते पुन्हा सरळ बोलेल. एक दिवस. एका दिवसाची गोड बोलणी, आणि पुढची बाटली. देवा, ती म्हणाली, शेजारी बसलायस तर बोल ना काहीतरी. शेवटच्या रांगेतून आवाज आला नाही. येतच नाही. त्याचीच तर जन्मभर सवय. तिनं मोरीतली फिनेलची बाटली उचलली, दातांनी बूच काढलं आणि घोडीवर ओतायला सुरुवात केली.

"आक्का! नको! आक्का!" तो तिच्यावर पडला. तिचं कोपर त्याच्या आधीच फुटलेल्या नाकावर बसलं. बाटली दोघांच्या हातात, दोघांच्या अंगावर, मांसावर पांढरं दुधासारखं सांडत राहिली, रानांच्या खळग्यांत साचली, चरबीवरून ओघळली. शेवटचा थेंब पडेपर्यंत दोघं एकमेकांना धरून लाथा मारत होती, लहानपणी अंथरुणावरून मारायची तशी, फक्त आता कुणी सोडवायला येणार नव्हतं. मग दोघंही फरशीवर बसली. तिला धाप लागली होती. ती पांढरी झाली असावी, कारण लोण्यानं तिच्या पाठीमागे पोत्याचा तक्क्या सरकवला.

"आता माझंही नाक गेलं," तो नाक चिमटीत धरून म्हणाला. "झालं. घरात हुंगणारं कुणी राहिलं नाही."

आणि तेवढ्यात बाहेर हॉटेलची गाडी थांबली. आपली गाडी विकल्यापासून हॉटेलचा खरेदीवाला स्वतः माल न्यायला यायचा. त्याला ती मिशाळ म्हणायची. माणूस वाईट नव्हता. हसताना मात्र कुणी पाहिला नव्हता. तो दारात आला, फिनेलच्या वासानं एक पाऊल मागे गेला, मग रुमाल नाकाला लावून घोडीकडे, लोण्याच्या रक्ताकडे आणि ओंडक्यात उभ्या सत्तुराकडे पाहत राहिला.

"मारामारी झाली?"

तिनं सांगायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. कोल्ड रूमच्या हवेनं आणि त्यावर एवढ्या ओरडण्यानं घसा मिटवला होता. हे होतं, हे तिला माहीत होतं, पण नेमकं आत्ता. ती लोण्याकडे पाहायला लागली. आता तो जे बोलेल तेच. मांजर शिरलं म्हणेल, बाटली चुकून सांडली म्हणेल, त्याला गोष्टी रचता येतात, आबांचा तेवढाच वारसा त्याच्याकडे आला होता. लोण्या उठला. त्यानं बाहीनं रक्त पुसलं.

"मी रात्री माल बाहेर ठेवला होता," तो म्हणाला. "गरम झाला. हिनं ओतलं फिनेल, चुकून कुणी विकू नये म्हणून. म्हणजे मी विकू नये म्हणून."

मिशाळनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "पार्टी आहे आज माझ्याकडे," तो म्हणाला. "आता काय वाढू लोकांना, बशा?"

"आत निम्मा आहे. गार. हात न लावलेला."

"कापणार कोण? यांची अवस्था बघा."

"मी... ती..." लोण्या थांबला.

"निम्म्याचे पैसे मिळतील. बाकीचं बाजारातून उचलतो," मिशाळ म्हणाला. "पण काप तोच पाहिजे जो मला इथे मिळतो. गेले काही आठवडे तुमच्याकडून चिरा पडलेलं येतंय. मी बोललो नाही. आज तसं दिसलं तर पुढच्या आठवड्यापासून गाडी इथे थांबणार नाही. माझ्याही वर कुणीतरी आहे." आणि तो गल्ल्याच्या स्टुलावर, दाराकडे पाठ करून बसला.

निम्मी बाटली कुणी चढवत नाही. हे तिला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं. पण गाडी थांबत राहिली तर बाटली उशिरानं का होईना येईल, आणि गाडी गेली तर काहीच नाही. इतकं सगळं आता एका मेंढ्याच्या मांडीवर येऊन उभं होतं. लोण्यानं फिनेलचं मांस मागच्या बोळात ओढलं, उकळत्या पाण्यानं ओंडका धुतला, स्वतःचे हात धुतले, नाकात कापूस कोंबला, आणि एक धड खांद्यावर घेऊन आला. त्याच्या पाठीवरून थंडीची वाफ निघत होती. धड ओंडक्यावर आदळलं तेव्हा तिच्या दातांत कळ गेली, स्पर्श न होताच. तिनं हात पुढे केला. बोट लागलं. सगळा दंड आतून सोलला गेला. सुरी तिच्या हातातून उडून मिशाळच्या पायापाशी पडली. तो उठला नाही. त्यानं वाकून सुरी उचलली आणि मूठ पुढे करून परत दिली, लोण्याच्या हातात, कारण तो जवळ होता.

लोण्यानं सुरी अशी धरली की जणू तीच त्याला कापणार. लहानपणी त्यानं एकदा रान सोडवायला घेतली होती आणि तिचे असे धिंडवडे काढले होते की आबा हसून हसून बसले आणि ती संतापली. तेव्हापासून तिनं त्याला ओंडक्यापाशी फिरकू दिलं नव्हतं. तू गल्ल्यावर बस. आयुष्यभर, तू गल्ल्यावर बस. ती त्याच्या मागे गेली. पाठीला पाठ नव्हे, पाठीला छाती लावून उभी राहिली, आणि त्याची दोन्ही मनगटं धरली. मनगटं गरम होती. माणसाची, जिवंत, मूर्ख, घामेजलेली. तिनं ती ढकलली.

आवाज नव्हता, नुसती हवा होती, ती त्याच्या कानात सोडली. "तिरकी. तिरकी धर. सरळ नाही, गाढवा." सुरी मांडीत शिरली. "खाली ये. हाडाला लागू देऊ नकोस, हाडाच्या बाजूनं जा, हाड काय तुझं काही खात नाही. थांब. दाबू नकोस. दाबलंस तर मारीन." तो दाबत नव्हता, तीच दाबत होती, तिच्या बोटांना कळत नव्हतं किती. त्याच्या कातडीत तिची नखं रुतली होती. त्याच्या तोंडून सूं सूं आवाज येत होता आणि तो हात हलवत नव्हता. अजून राग होता. अजून ती त्याला उभा चिरू शकली असती. त्याच हातांनी, त्याच रागानं ती त्याचे हात नेत होती, आणि तिला कळेना की राग कापतोय की ती, आणि गार मांस सुरीला सरळ सरळ उत्तरं देत होतं, एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर, पांढऱ्या कडेनं. मग पात्याचं टोक मऊ कशात तरी बुडालं. "इथे," ती म्हणाली. "आता फिरव." त्यानं फिरवली. सांधा उघडला, लहान आवाज करून, आणि रान अख्खी त्याच्या हातावर येऊन पडली. लोण्या तिच्याकडे बघायला मान वळवत होता. तिनं हनुवटीनं ती पुढे ढकलली.

मिशाळ आला. त्यानं रान उलटीसुलटी केली, कडा पाहिल्या, अंगठा दाबला. खळगा भरून आला. त्यानं ती नाकाशी नेली, बराच वेळ. मग गाडीत आकड्याला अडकवली आणि दारातूनच म्हणाला, "पुढची."

लोण्या कोल्ड रूमकडे निघाला आणि थांबला. तिनं त्याची मनगटं सोडली नव्हती. ती सोडायला बघत होती, पण बोटं आखडून बसली होती, एकही ऐकेना. "राहू दे," तो म्हणाला. मग दोघं तशीच, एकाच्या पाठीला एक, खेकड्यासारखी आडवी पावलं टाकत, ओल्या फरशीवरून गार दाराकडे सरकायला लागली.